लेकुरवाळी विद्यार्थिनी

आपल्याकडे स्त्रीशिक्षणाचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो, तो बहुतेक मुलींच्या शाळांचा इतिहास असतो. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढली, १८८४ साली हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल निघाले, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले, असे टप्पे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. या टप्प्यांतून परकर नेसलेली, वेणी घातलेली मुलगी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु त्याच काळात आणखी एक विद्यार्थिनी शाळेच्या उंबरठ्याशी घुटमळत होती. तिच्या कडेवर मूल होते, किंवा ते घरी कोणाच्या तरी स्वाधीन करून ती आली होती. तिची पटावर निराळी नोंद नसल्यामुळे इतिहासकारांचे तिच्याकडे सहसा लक्ष गेले नाही. ही बाई शाळेत कशी आली, कशामुळे टिकली आणि तिच्यासारख्या शेकडो जणी का येऊ शकल्या नाहीत, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

याचे नेहमीचे उत्तर असे की, सुधारकांनी उपदेश केला, पतीने उदारपणे परवानगी दिली आणि स्त्री शिकली. हे उत्तर खोटे नाही, पण फार अपुरे आहे. उपदेश ऐकलेल्या व परवानगी मिळालेल्या कितीतरी स्त्रिया पहिले मूल होताच थांबल्या. आमच्या मते आईच्या शिक्षणाचा निकाल याहून पुष्कळच साध्या गोष्टींवर लागत असे: मूल कोणापाशी ठेवावयाचे, वर्ग किती वाजता भरतो, आणि शिकून चार पैसे हाती येणार की नाही. व्यासपीठावरील भाषणांत या गोष्टी क्वचितच येतात. आत्मचरित्रांत, पत्रव्यवहारांत आणि संस्थांच्या नियमांत मात्र त्या जागोजाग आढळतात.

आरंभी एका शब्दाची अडचण सांगितली पाहिजे. आज आपण आई ‘पुन्हा’ शिकू लागली असे म्हणतो, तेव्हा लग्नापूर्वी ती काही शिकली होती हे गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकात हे गृहीत धरण्यास आधार नाही. नवव्या-दहाव्या वर्षी लग्न, चौदाव्या-पंधराव्या वर्षी पहिले अपत्य, असा जेथे क्रम होता, तेथे शिकण्यासाठी ‘अगोदर’चा काळ उरतच नसे. १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण हजारी सहा-सातांच्या पलीकडे नव्हते. ज्या थोड्या शिकत, त्या लग्नानंतर, रात्री दिवा लावून, पतीपाशी शिकत. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना याच रीतीने शिकविले. त्यांचे लग्न १८७३ साली झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. दिवसा घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे आणि अबोला सोसावयाचा व रात्री धडा गिरवावयाचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा अनुभव त्यांनी आपल्या आठवणींत १९१० साली प्रसिद्ध केला. तो वाचताना एक गोष्ट आमच्या मनात येते. रमाबाईंना मूल नव्हते. एवढा विरोध सोसून रात्रीचा तो तास त्यांना राखता आला. पाळण्यात तान्हे असते तर त्याच पतीला, तेवढ्याच कळकळीने, तो तास राखून देता आला असता काय, याविषयी आम्हांस शंका आहे.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण तर याहून मनाला चटका लावणारे आहे. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचे नवव्या वर्षी लग्न झाले आणि चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर तो वाचता, हे शल्य मनात राहून त्या वैद्यकाकडे वळल्या, हे सर्वश्रुत आहे. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी न होता त्या निवर्तल्या. मुलाच्या मृत्यूने त्यांना विद्येकडे नेले असे चरित्रकार म्हणतात, ते खरे आहे. पण या वाक्याची दुसरी बाजू कोणी उच्चारीत नाही. ते मूल जगले असते, तर चार वर्षांच्या मुलाला घेऊन किंवा मागे ठेवून ती आई आगबोटीत चढली असती काय? गोपाळरावांसारखा हट्टी पतीदेखील ती सोय कशी करणार होता?

मूल जगले आणि आईही शिकली, असे त्या पिढीतील ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८२ च्या फेब्रुवारीत त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य यांची गरज प्रतिपादिली, आणि वैद्यक शिकण्याच्या हेतूने दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. संस्कृतात त्या पंडिता असल्या, तरी पाश्चात्त्य विद्येत त्यांना विद्यार्थिनीच व्हावे लागले. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवावयाचे आणि स्वतः इंग्रजी, गणित व शास्त्रे शिकावयाची, अशी व्यवस्था झाली.

या सर्व काळात मनोरमा कोठे होती? वाँटेज येथील जोगिणींच्या मठात. आई एका गावी शिकत होती आणि लेक दुसऱ्या गावी परक्या, पण मायाळू, स्त्रियांच्या हाती वाढत होती. ही सोय नसती तर चेल्टनहॅम घडले नसते, हे उघड आहे. पण या सोयीचे मोलही द्यावे लागले. त्या वेळचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात मुलीला धर्माचे कोणते शिक्षण द्यावे, कोणते देऊ नये, यावरून आई आणि मठातील स्त्रिया यांच्यात झालेला वाद वाचावयास मिळतो. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, तरी आपल्या मुलीला अमुकच तत्त्व शिकविले पाहिजे, हे मठाने परस्पर ठरवावे, हे त्यांना मान्य नव्हते. जो मूल सांभाळतो तो मुलावर हक्कही सांगू लागतो, आणि शिकणाऱ्या आईला तो हक्क दुरून, पत्रांतून, पुन्हा पुन्हा परत मागावा लागतो. पुढे अमेरिकेतील वास्तव्यातही मनोरमेला पुन्हा इंग्लंडास पाठवावे लागले. रमाबाईंवर मराठीत जे लिहिले गेले, त्यात धर्मांतराच्या वादाने इतकी जागा व्यापली आहे की, या मायलेकींच्या ताटातुटीला दोन ओळीही उरल्या नाहीत. तीच मनोरमा मोठेपणी आईच्या संस्थेतील तिचा उजवा हात झाली आणि १९२१ साली, आईच्या आधी काही महिने, वारली.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले. (हा ११ मार्च मोठा विलक्षण दिवस दिसतो: आनंदीबाईंची पदवी त्याच तारखेची, आणि सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला तोही ११ मार्च १८९३ रोजी.) विधवांसाठी शाळा निघाल्या याचे श्रेय आपण करुणेला देतो. करुणा होतीच, परंतु विधवा शाळेत येऊ शकली, याला एक रूक्ष कारणही होते. तिला पोटासाठी काही करणे भाग होते आणि शिक्षिकेचा धंदा तेवढा प्रतिष्ठित घरांना चालण्यासारखा होता. पुण्यात शिक्षिका तयार करण्याचे ट्रेनिंग कॉलेज १८७० सालीच निघाले होते. तेथे शिकणारणीला विद्यावेतन मिळे. हंटर कमिशननेही शाळामास्तरांच्या बायका आणि विधवा यांना या धंद्याकडे वळवावे अशी शिफारस केली, ती उगाच नव्हे. घर न मोडता बाहेर पडू शकतील अशा स्त्रिया याच दोन वर्गांत सापडत होत्या. मास्तरांची बायको नवऱ्याच्याच गावी शिकवू शके, आणि विधवेला अडविण्यात घराचा फायदा नसे, उलट एक खाणारे तोंड कमी होई. हे कटु आहे, पण खरे आहे. सौभाग्यवती आईपेक्षा विधवा आई शाळेच्या अधिक जवळ होती.

पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध झाली, ती या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. पार्वतीबाई या गोदूबाईंच्या, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांच्या, धाकट्या बहीण. जन्म १८७० सालचा, कोकणातील देवरुखचा. विसाव्या वर्षी वैधव्य आले तेव्हा पदरी एक मुलगा होता. माहेरी परत येऊन चूल सांभाळण्यात काही वर्षे गेली आणि सव्विसाव्या वर्षी त्या शिकण्यासाठी पुण्यास आल्या. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, त्याच सुमाराची ही गोष्ट. कर्व्यांचा उपदेश त्यांना पटला हे खरे. पण देवरुखच्या इतर विधवा आयांनाही तो पटला असता, तरी त्या कोठे येत्या? पार्वतीबाईंसाठी पुण्यात सख्ख्या बहिणीचे घर होते. आम्ही या गोष्टीला फार महत्त्व देतो. संस्थेच्या इमारतीपूर्वी बहिणीचा उंबरठा असावा लागतो. मूल आजारी पडले तर त्याच्या उशाशी कोण बसेल, याचे उत्तर जिच्याजवळ आहे, तीच आई वहीत डोके घालू शकते.

पार्वतीबाई शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमात शिकवू लागल्या, त्याचा कारभार पाहू लागल्या, वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. तरी इंग्रजी यावयाचे राहिले होते. आश्रमाच्या धबडग्यात ते साधेना, म्हणून १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी कामाला राहून त्यांनी आपला खर्च चालविला. या साहसाचे कौतुक सर्वांनी केले आहे. आम्हांला त्यातील काळाचा हिशोब अधिक बोलका वाटतो. सव्विसाव्या वर्षी अक्षरे आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी. मधली बावीस वर्षे मुलाची, आश्रमाची आणि दुसऱ्यांच्या मुलींची. आईचे शिक्षण असेच होते, तुकड्यातुकड्याने, आणि दोन तुकड्यांमधील अंतर तिच्या हाती नसते. आपल्या शाळा-कॉलेजांची रचना मात्र जणू अखंड सोळा वर्षे मोकळी असलेल्या माणसासाठी केलेली असते.

आता सौभाग्यवती आईकडे वळू. तिला पोटाची चिंता नव्हती, किंवा निदान ती आहे असे बोलून दाखविण्याची मुभा नव्हती. तिची अडचण वेळेची होती. हुजूरपागेतील शाळा निघाल्यावर तिच्या वेळेवरून पुण्याच्या वृत्तपत्रांत जो वाद झाला, त्याला आज सनातन्यांचा कांगावा म्हणून हसण्याची चाल आहे. अकरा ते पाच ही वेळ कचेरीची आहे, घरकाम करणाऱ्या मुली-सुनांची नव्हे, असा आक्षेप होता. आक्षेप घेणारांचा हेतू स्त्रियांना घरात ठेवण्याचा होता, यात शंका नाही. परंतु निरीक्षण चुकीचे नव्हते. कर्त्या पुरुषाची वेळ हीच शाळेची वेळ ठरविली, तर त्या पुरुषाला साडेनऊला वाढणारी बाई शाळेला जाणार कशी? सुधारकांनी हेतूला उत्तर दिले आणि निरीक्षण तसेच सोडून दिले. त्यात पाव शतक गेले.

ते निरीक्षण उचलले रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने. १९०९ साली रानड्यांच्या वाड्यातच हे काम सुरू झाले आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्याला शिस्त लावली. प्रौढ स्त्रियांचे वर्ग तेथे दुपारी भरत. ‘दुपारी’ हा शब्द वाचकांनी घाईने ओलांडू नये. सकाळचे पाणी, देवपूजा, स्वयंपाक, पुरुषांची व मुलांची जेवणे, मग स्वतःचे जेवण आणि खरकटे, एवढे आटोपले की मध्यमवर्गीय घरातील बाईला बारा-एकपासून चार-साडेचारपर्यंत जरा उसंत मिळे. तीतही निवडणे-टिपणे, वाती वळणे, उन्हाळ्यात शेवया-पापड असत. पण ही कामे पुढेमागे ढकलता येत, तान्हे झोपलेले असे आणि सासूबाईंचीही वामकुक्षी चाललेली असे. दिवे लागण्याच्या आत सून घरी परतली, तर घराच्या गाड्याचे एक चाकही अडत नसे. ज्या घरांनी रमाबाईंच्या सभांना नाके मुरडली, त्याच घरांच्या सुना दुपारच्या वर्गाला येऊ शकल्या, याचे रहस्य आम्हांस यात दिसते. लिहिण्यावाचण्याबरोबर शिवण, विणकाम, शुश्रूषा हे विषय असल्यामुळे ‘बाई कशाला शिकते’ या प्रश्नाला घरात सांगण्याजोगे उत्तरही मिळाले. ससून रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण घेण्यास सेवासदनाने स्त्रिया पाठविल्या, तेव्हा तर शिवणाच्या सुईमागून आलेल्या विद्येने पगाराचे दार उघडले.

याच ठिकाणी एका अन्यायाचीही नोंद केली पाहिजे. ही ‘दुपार’ सर्वांना नव्हती. मुंबईच्या गिरणीत राबणारी, शेतावर खुरपणारी किंवा दुसऱ्याच्या घरची भांडी घासणारी आई दुपारी मोकळी नसे, आणि रात्री तर नसेच. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. पण रात्र पुरुषाची मोकळी असते, बाईची तेव्हाच चूल पेटलेली असते. आमच्या संस्थांनी आपल्या वर्गातील स्त्रीची दिनचर्या ओळखली, एवढेच श्रेय त्यांना द्यावे. पिठाची गिरणी आणि नळाचे पाणी यांनी पुढे जितक्या स्त्रियांचा वेळ मोकळा केला, तितका कोणत्याही परिषदेच्या ठरावाने केला नसेल, असे आम्हांस कधी कधी वाटते.

अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, त्यावर त्या काळी पुष्कळ टीका झाली. मातृभाषेतून शिक्षण, गृहशास्त्र व आरोग्य यांसारखे विषय, यामुळे ही दुय्यम पदवी होईल असे विद्वानांचे म्हणणे होते. त्या टीकेत तथ्य होते. स्त्री म्हणजे गृहिणी, हे गृहीत त्या अभ्यासक्रमात होतेच. तथापि घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेस बसण्याची जी मुभा विद्यापीठाने दिली, तिने एक वेगळेच काम केले. वर्गात हजेरी ही अट गेली की मूल कोठे ठेवावे हा प्रश्नही निम्मा सुटतो. आणि भाषेचेही तेच. इंग्रजीतून मॅट्रिक होण्यास लागणारी वर्षे लेकुरवाळीजवळ नव्हती; मराठी मात्र तिच्याजवळ होतीच, तीतून ती एकदम इतिहास-भूगोलाला भिडू शकत होती. कर्व्यांनी हा विचार मुद्दाम आयांसाठी केला असे आम्ही म्हणत नाही, पण फायदा त्यांना झाला.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदावर नेले. मध्यमवर्गात ते त्याआधीच वाढत चालले होते. आता कोठे ‘पुन्हा’ या शब्दाला अर्थ आला. चार-सहा इयत्ता शिकून लग्नामुळे थांबलेली, मग दोन मुलांनंतर मागचा धागा शोधणारी स्त्री, ही विसाव्या शतकाची विद्यार्थिनी होय. तिच्यासाठी सर्वांत विचारपूर्वक योजना केली ती महाराष्ट्राबाहेर, मद्रासमध्ये. दुर्गाबाईंनी (त्या १९५३ साली चिंतामणराव देशमुखांशी विवाह होऊन आपल्याही झाल्या) १९३७ साली आंध्र महिला सभा काढली आणि वय वाढलेल्या स्त्रियांना थोडक्या काळात बनारसच्या मॅट्रिकच्या परीक्षेस बसविण्याचे वर्ग चालविले. त्या स्वतःही घरी अभ्यास करून तीच परीक्षा उतरल्या होत्या. १९५८ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले, त्यामागे हाच अनुभव होता. तीस वर्षांच्या बाईला दहा वर्षांच्या मुलीइतकाच वेळ एका इयत्तेला लागतो, ही समजूत त्यांनी मोडली. संसार चालविलेल्या बाईला हिशोब नव्याने शिकवावा लागत नाही, तो कागदावर कसा मांडावयाचा एवढेच दाखवावे लागते.

कायद्याची चाल मात्र संथ राहिली. मुंबई इलाख्यात कारखान्यातील बाळंतिणीला रजा व भत्ता देणारा कायदा १९२९ साली झाला. संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीला बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने केला २०१६ साली. मजूर बाईला मूल होते हे सरकारला ज्या वर्षी कळले, त्यानंतर विद्यार्थिनीलाही ते होते हे कळावयास सत्त्याऐंशी वर्षे लागली.

त्याच २०१६ च्या मार्चात ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या, मुले वाढवून आता नातवंडे खेळविणाऱ्या या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तेथे जमू लागल्या. त्यांना शिकविण्याचे काम गावातीलच एका सुनेने पत्करले, आणि तिची सासू तिच्या वर्गात बसू लागली. वर्गाची वेळ ठरली दुपारी दोन ते चार.